हत्तीपायाला ‘डिटॉक्स’ लागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला सुजेवरचा लेख वाचला. मांडणी देखणी होती, त्याबद्दल अभिनंदन. पण छायाचित्र हत्तीपायाचे आणि मजकूर लिंबूपाणी, कोरडा ब्रश आणि ‘लसिका जागवणाऱ्या’ मालिशचा! हत्तीरोग आढळणाऱ्या नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत घरोघरी जाणाऱ्या अंकात हे छापताना कुणालाच खटकले नाही?

लसिका (लिम्फ) संस्था झोपलेली नसते. रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून दिवसाला दोन-तीन लिटर द्रव ती मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात सोडते. तिला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे बारीक आकुंचन, आतल्या झडपा, पोटरीची हालचाल आणि श्वास यांवर तिचा कारभार चालतो. हत्तीरोगाचे जंत नेमके याच वाहिन्यांत मुक्काम करतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात. साचलेल्या प्रथिनांपायी कातडीखाली चिवट तंतू वाढतात. लघवीची गोळी फार तर पाणी काढेल, तंतू कुठून काढणार? तरी लेखात ती सरसकट सगळ्यांना सुचवली आहे.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने आलेल्या सुजेत ती लागते, मान्य. तिथे बहुधा दोन्ही पाय सुजतात आणि नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजले असतील तर रक्तदाबाचे औषधच डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागते. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि तो पाय चोळायचा तर मुळीच नाही. लसिकेच्या सुजेत अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नाही. ही एक चिमटी छापायला ब्रशच्या चित्राएवढीही जागा लागली नसती.

हत्तीपाय खरा बिघडतो तो बोटांच्या बेचक्यांतून. करंगळीशेजारच्या बेचकीत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, तिथून जंतू शिरतात. मग थंडी वाजून ताप, पाय लालभडक, जांघेत अवधाण. असा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्या खराब करतो आणि पाय आणखी जाड होतो. म्हणून उपचाराची सुरुवात साध्या पाण्याने आणि साबणाने करायची. रोज वळ्यांमध्ये आणि बेचक्यांमध्ये हलक्या हाताने धुवायचे, घासायचे नाही. मऊ सुती कापडाने टिपायचे. बेचकीत कापडाची पातळ घडी सरकवली की आतले पाणीही निघते. चिखल्यांवर बुरशीनाशक मलम, बसताना पाय वर, दिवसातून अनेकदा घोटा वर-खाली, बाहेर पडताना चप्पल. झटका आलेला असताना मालिश नाही, पट्टीही नाही. डॉक्टर आणि अँटिबायोटिक.

पट्टीचेही तेच. लेखात ‘घोट्यापासून घट्ट गुंडाळा’ म्हटले आहे. तसे केले की सगळी सूज पावलावर उतरते आणि पाऊल पावासारखे फुगते. पट्टी पावलापासून, बोटांच्या मुळाशी सुरू करायची, खाली कापसाचा थर द्यायचा, दाब घोट्याशी जास्त आणि वर जाताना कमी ठेवायचा. तीही पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासल्यावरच. बांधायची सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी. आणि लसिकेची खरी मालिश इतकी हलकी असते की फक्त कातडी सरकते. ती आधी मानेशी आणि जांघेत करतात, पायाकडे नंतर येतात. तेल लावून खसाखसा रगडणे म्हणजे ती नव्हे.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. हत्तीरोग रोखण्यासाठी धडधाकट माणसांनाही गोळ्या देण्याच्या मोहिमेच्या वेळी आपल्याच अंकात ‘हत्तीरोगाच्या गोळ्यांनी विद्यार्थ्यांना बाधा’ असा ठळक मथळा होता. रक्तातले सूक्ष्म जंत मरू लागले की कुणाला एक-दोन दिवस ताप येतो, डोके दुखते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तर मळमळते. बातमीत यातले एक अक्षर नव्हते. डोसही ठरलेला असतो: वयाच्या 2 ते 5 वर्षांपर्यंत डीईसी या जंतांवरच्या औषधाची 100 मिलिग्रॅमची 1 गोळी, 6 ते 14 ला 2, पुढे 3, सोबत अल्बेंडाझोल हे दुसरे जंतनाशक. आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध असेल तिथे ते उंची मोजून. 2 वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना वगळतात. गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात. पण असा मथळा वाचलेली माणसे ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून दार लावतात आणि गोळ्या फ्रिजवर पडून राहतात. पाय सुजलेला नाही, मग मला कशाला, हा प्रश्नही ठरलेला. जंत अंगात शिरल्यापासून पाय सुजेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि तोवर दिसायला धडधाकट माणसाच्या रक्तातून डास ते उचलत राहतो, याचे उत्तर वाचकाला आपणच द्यायचे होते.

खुलासा छापणार असाल तर आतल्या पानावर चार ओळींत नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी हवा.

एक नियमित वाचक, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये)