रस्ता ओलांडून देणाऱ्या अनोळखी हातांना

परदेशात येऊन आठवडाच झाला होता. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे माहीत होतं, पण जन्माची सवय एका आठवड्यात मोडत नाही. मी उजवीकडे बघून पाऊल टाकलं आणि डावीकडून बस आली. मागून कुणीतरी माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला खेचलं. बसचा आरसा डोळ्यांसमोरून गेला, वारा गालाला लागला. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. मी वळेपर्यंत तुम्ही गर्दीत मिसळला होतात. तुमचा चेहराही पाहिला नाही, आभार कसे मानू?

आणि त्या आजी! रुंद रस्त्याच्या कडेला मी रडकुंडीला आले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दुचाकींच्या लोंढ्यात संथ चालीने निघाल्या. ना धावल्या, ना दचकल्या. चाल एकसारखी असली की दुचाकीस्वाराला अंदाज येतो, तो बाजूने निघून जातो. मागे सरलं की चुकतो. मोठी गाडी दिसली तेव्हा मात्र त्यांची बोटं घट्ट आवळली गेली आणि आम्ही थांबलो. एकमेकींची भाषा येत नव्हती. पलीकडे पोचल्यावर त्यांनी माझा हात थोपटला, इतकंच.

वळताना ट्रक थांबवून 'जा' अशी खूण करणारे दादा, तुमचेही मनापासून आभार. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही वळणारी वाहनं अंगावर येतात. तुम्ही थांबलात.

आजी, मी आता एकटी रस्ता ओलांडते. तुमच्याच चालीने.