फी माफ केलीत, आता एम-वनचंही बघा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सा. न. वि. वि.

मी पुण्यात नऱ्ह्याला राहते, ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवून रिटायर झाले, वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या चार मुली रूम घेऊन राहतात. त्यातली एक परभणीकडची, घरी कोरडवाहू शेती. २०२४ ला सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी माफ केली म्हणून ती इथवर आली, त्याबद्दल खरंच मनापासून आभार. पण दिवाळीला गावी जाताना ती पुस्तकांसकट सगळं सामान भरत होती. एम-वनच्या, म्हणजे फर्स्ट इयरच्या पहिल्या गणिताच्या पेपरच्या, इनसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ४. "काकू, माझ्याकडून नाही होणार हे, गावाकडे बीए करते."

मी तिचा पेपर मागून बघितला. पोरगी ढ नाहीये हो! सीईटीला चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही, दोन वर्षं पर्याय उडवत उत्तर गाठायची सवय लागलेली, आणि इथे पार्शल डिफरन्सिएशनचं अख्खं गणित पायरी पायरीने लिहायचं. त्यात ॲडमिशन शेवटच्या राउंडला, ती वर्गात बसली तोवर पहिलं युनिट होऊन गेलेलं, ते परत कोणी घेतलंच नाही.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात यूरी ट्रीझमन नावाच्या गणितवाल्याने बघितलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं अभ्यास करत होती, पण एकेकटी, आणि चिनी वंशाची मुलं घोळक्याने बसून एकमेकांची गणितं तपासायची. मग त्याने मुलांना एकत्र बसवलं, सोपी नाही तर मुद्दाम अवघड गणितं दिली, आणि मुलं टिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली.

आपल्याकडे हे करायला नवी बिल्डिंग नको, पाच नंतर वर्ग रिकामेच असतात. पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे, मुलं त्यात तासावर काम करतात, तेच तास सेकंड-थर्ड इयरच्या पोरांना फर्स्ट इयरसोबत एम-वन सोडवायला द्या, मराठीत बोलून. फक्त त्याला 'रेमेडियल', म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग, म्हणू नका, त्या पाटीखाली कोणी पोर बसत नाही. आणि उशिरा आलेल्यांना पहिलं युनिट परत शिकवा, इनसेमचे मार्क आठवड्यात द्या, कमी पडले तर त्या मुलाशी कुणीतरी बोला, नापास झाल्यावर घरी पत्र पाठवून काय उपयोग.

ती दिवाळीनंतर परत आलीये. रोज रात्री चौघी माझ्या हॉलमध्ये बसतात, मी चहा करते. पुढचे ॲडमिशनचे कॅप राउंड सुरू व्हायच्या आत एवढा जीआर काढा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, नऱ्हे, पुणे