सहा एकरांतली बंदूक

9 नोव्हेंबर

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता फोन आईच्या हातात देऊन मी उठून गेलो, ते बरं केलं नाही. आई म्हणते, पोरगा साधं विचारत होता, "बाबा, आपल्या घरात होती ना बंदूक, मग मी कुठली घेऊ?" आणि तुम्ही विंचू चावल्यासारखे उठलात. खरं आहे. पण त्याचं उत्तर फोनवर, सोनू मधे मधे तोंड वेंगाडून दाखवत असताना, देता आलं नसतं. म्हणून कागद घेतला. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलोय. बघू किती जमतं.

आधी शाबास. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून तू शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स केलास, परीक्षा दिलीस, हे मी तीन जणांना सांगितलं. चौथ्याला आईने सांगितलं. स्वतःच्या जमिनीवर शिकार करायला तिकडे परवाना लागत नाही, तरी तू आधी कोर्स केलास, याचं मला जास्त वाटलं. एच-वन व्हिसावर होतास तेव्हा शिकारीचा परवाना नसेल तर बंदूक बाळगणंच गुन्हा होता, हे तूच मला सांगितलं होतंस. आता ग्रीन कार्ड आलं, जमीन आली, हरणांनी तुझी भेंडी आणि वाल खाल्ले, गाडीचा दिवा फोडला. सगळं समजतं. माकडांनी आपले नारळ काय कमी टाकले?

तू पाठवलेली ओहायोची नियमांची पुस्तिका मी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. (पानाला दोन रुपये घेतो, लुटारू.) पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली. बरीचशी कळली. हरणासाठी तिकडे छरे चालत नाहीत, एका बाराला एकच गोळी. ते वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. का, ते पुढे सांगतो. बाटलीसारखी मान निमुळती असलेली काडतुसं हरणासाठी बंद, सरळ भिंतीची 2014 पासून चालू. म्हणजे तुझा तो ट्रॅक्टरवाला शेजारी जी थर्टी-ओ-सिक्स रायफल स्वस्तात द्यायला निघालाय, ती हरणावर चालवताच येणार नाही. तू म्हणालास, कोयोटला, तिकडच्या त्या रानकोल्ह्याला, कामाला येईल. मंदार, तिची गोळी तीनेक मैल जाते. साध्या पॉइंट ट्वेंटी-टूच्या खोक्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो.

आता तुझी जमीन. सहा एकर म्हणजे 240 गुंठे. आपल्या वाडीत एवढी सलग कुणाचीच नाही, तुझे आप्पा आजोबा असते तर गावभर सांगत फिरले असते. पण चौरस धरली तर तिची एक बाजू भरते 511 फूट. मधोमध उभा राहिलास तरी बांध 255 फुटांवर, आणि तुझा तर लांबट पट्टा आहे, म्हणजे एका अंगाने त्याहूनही जवळ. सहा एकरांत मावेल अशी बंदूक कुठल्याच दुकानात मिळायची नाही. 255 फुटांत जिची ताकद संपते त्या गोळीने हरीण मरत नाही, आणि हरीण मारणारी गोळी तुझ्या बांधापाशी थांबत नाही. तिला थांबवायचं कुणी, तर जमिनीने. पाठीमागे चढ हवा, नाहीतर नेम वरून खाली हवा.

तू म्हणशील, स्लग वापरतो, शॉटगनची ती एकच जड गोळी, तो लांब जात नाही. मीही आधी तसंच समजत होतो. पण बंड्याच्या मुलीने मोबाईलवर शोधून दिलं: पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने 2007 मध्ये याचाच अभ्यास करून घेतला होता. बंदूक जमिनीला जवळजवळ समांतर धरून झाडली, तर शॉटगनची गोळी जमिनीला आपटून, उसळून, रायफलच्या गोळीच्याही पुढे गेली. तळ्यात चपटा दगड भिरकावलास की कसा टप्पे घेत जातो, तसं. रायफलची गोळी आपटली की तिची ताकद जास्त खर्च होते. स्लग जड, तो अंग सांभाळून पुढे जातो. म्हणजे 'स्लग आहे ना, मग काळजी नाही' हे वाक्य तुझ्या डोक्यात असेल तर ते पुसून टाक.

तीस वर्षं शास्त्र शिकवलं, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. हरीण 90 फुटांवर उभं आहे, काळजाची जागा जमिनीपासून अडीच फूट. तू स्टुलावर बसून चार फुटांवरून गोळी मारलीस, तर ती हरणाच्या पलीकडे आणखी 150 फूट जाऊन जमिनीला टेकणार, तीही इतकी तिरपी की उसळणारच. तीच बंदूक झाडावरच्या मचाणातून 18 फुटांवरून चालवलीस, तर हरणाच्या पलीकडे पंधरा फुटांच्या आत गोळी मातीत. माझ्या मते बंदुकीच्या आधी मचाण घे. आणि मचाणावर चढताना पट्टा बांध, जमिनीवर असतानाच. बंदूक भरलेली घेऊन चढू नकोस, रिकामी करून दोरीने वर ओढ. हे तुला कोर्सात शिकवलं असेल. झालं ना सुरू माझं? माफ कर.

बंदूक कुठली, हे सांगायचं राहिलंच.

ठासणीची घेऊ नकोस. जानेवारीत तिचा वेगळा मोसम मिळतो म्हणून तुला मोह होईल, आजोबांची आठवण म्हणूनही होईल. तुला ती आठवण ऐकीव आहे, मला वासासकट आहे. माजघरातल्या खुंटीवर टांगलेली असायची. शिंगातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. गज हातातून उडून वर यायला लागला की दारू नीट बसली. मग गोळ्या, परत बोळा. शेवटी तांब्याची केप, टोपणाएवढीसुद्धा नाही, आणि पावसात दमट होऊ नये म्हणून तिच्या कडेला मेण. ठासलेली बंदूक रिकामी करायची म्हणजे बार काढायला हवा, नाहीतर गोळी उपसून काढायचा खटाटोप. तो कोण करतो? आषाढापासून दसऱ्यापर्यंत ती भरलेलीच लटकत असे, आणि आम्ही चार पोरं खाली पंगतीला. आज सोनूकडे बघितलं की पोटात गोळा येतो.

आणि दुसरं. डिसेंबर 2011 मध्ये, तू राहतोस त्याच भागात, होम्स काउंटीच्या बाजूला, पंधरा वर्षांची, आमिश पंथाची एक मुलगी ख्रिसमसच्या मेळाव्याहून रात्री घोडागाडीतून घरी चालली होती. दीड मैलावर कुणीतरी आपली ठासणीची बंदूक साफ करायची म्हणून हवेत बार काढला. मुलगी गेली. त्या माणसाला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तुझ्या रस्त्यावरून आमिश पोरं डबे घेऊन शाळेत चालत जातात, असा फोटो तूच पाठवला होतास. आईने तो फ्रिजवर लावलाय. मी येता-जाता त्या पोरांच्या मागचं कुंपण बघतो आणि विचार करतो, हे तुझं की शेजाऱ्याचं?

मंदार, लहानपणी तू विचारायचास, दत्तूदादा का लंगडतो. आम्ही सांगायचो, फणसावरून पडला. तो फणसावरून पडला नाही.

1979 चा ऑक्टोबर. तेव्हा आपला जिल्हाही रत्नागिरीच. भात कापणीला आलं होतं आणि डुकरं रोज रात्री मळ्यात लोळून जात होती. आप्पांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता. मी पंधरा वर्षांचा, तीन सेलची बॅटरी माझ्या हातात. बांधाआड बसलो होतो. भाताची सळसळ झाली, मी बॅटरी मारली. डुक्कर होतं, मोठं, आडवं उभं. ओळखण्यात काहीच चूक नव्हती. मीच म्हटलं, "आप्पा, थंयच हा." बार झाला, धूर झाला, आणि धुराच्या पलीकडून माणूस ओरडला.

आप्पांनी चार गोळ्या ठासल्या होत्या. दत्तू त्याच्या शेतातल्या मांगराच्या, खोपटाच्या, दारात बिडी ओढत बसला होता, त्याच्या भाताची राखण करत. मांगर तिथे होता हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी जन्मल्यापासून तो मांगर तिथेच होता. बॅटरीच्या उजेडात डुक्कर सोडून बाकी सगळं नाहीसं होतं, एवढंच.

त्याला डोलीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून मिरजेला नेलं. पाय राहिला, गुडघा गेला. सकाळी आप्पांनी डुक्कर फाडलं. खायला नव्हे. एकटेच परसात बसून गोळ्या शोधत होते. तीन सापडल्या. त्या त्यांनी धुऊन चौकटीवर ठेवल्या आणि अंघोळीला गेले. खालच्या कोपऱ्याची जमीन दत्तूच्या नावावर का आहे, हे आता तुला कळेल. पुढे निवडणूक लागली, सगळ्यांच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा झाल्या. निकालानंतर बाकीच्यांनी सोडवून आणल्या. आप्पा गेलेच नाहीत.

मी हे सांगणार नव्हतो. तुझ्या पहिल्या शिकारीच्या तोंडावर हे कशाला, असं आईचं म्हणणं. पण पलीकडे काय आहे, हे मी एकदा बघितलं नाही, ते मी आजवर फक्त आईला सांगितलंय, आता तुला.

तर बंदूक. मोडून उघडणारी एकनळी घे. एकच काडतूस बसतं, वर दिसणारा घोडा असतो, आणि उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. भरलेली की रिकामी, हा प्रश्नच राहत नाही. सोनूलाही दाखवता येईल. वीस बोअर घेतलीस तर आतून पेच असलेली नळी आणि तिचाच स्लग. नाहीतर तू म्हणत होतास ती थ्री-फिफ्टी लेजंड रायफल, सरळ भिंतीच्या काडतुसाची. तिचा धक्काही कमी. बारा बोअरच्या स्लगचा धक्का खांद्याला लागतो, मग दुसऱ्या वेळी माणूस बार काढायच्या आधी डोळे मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांनी पलीकडचं काय दिसणार? तुझा शेजारी म्हणेल, एकच गोळी? चुकली तर? चुकली तर हरीण जाईल. तीन काडतुसं भरायची मुभा आहे म्हणून भरायलाच हवीत असं नाही. माझ्या मनाला तर तुला ती धनुष्यासारखी क्रॉसबो असते ना, तीच बरी वाटते. तिकडे चालते म्हणे. पण ते तू ठरव, तू आता चौतीस वर्षांचा आहेस, हे मी विसरतो.

बंदूक कुलपाच्या कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. प्राजक्ताला विचारून जागा ठरव.

आईचं एकच म्हणणं आहे: मारलास तर खा, फुकट टाकू नकोस. तिने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलंय. गुरवाला काय सांगणार आहे कोण जाणे. ओहायोतली हरणं रवळनाथाच्या हद्दीत येतात का, असं मी विचारलं तर रागावली. गंमत म्हणून सांगतो, 1904 च्या सुमारास ओहायोत एकही रानटी हरीण उरलं नव्हतं असं वाचलं. आता तुझी भेंडी खातात.

खरेदीच्या आधी एक काम कर. लांब टेप घे आणि मचाण बांधायचं त्या झाडापासून चारी बाजू मोज. कागदावर काढ: घरं, रस्ता, शेजाऱ्याचा गोठा, शाळेची वाट, सोनूचा झोपाळा. कुठल्या दिशेला बार काढायचा नाही तिथे लाल पेन्सिल. मग त्याचा फोटो मला पाठव. मी वर्गपाठ तपासतोय असं समजू नकोस. म्हणजे समज हवं तर.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मोसम उघडतो ना? तुझे सकाळचे सात म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेपाच. मी पडवीत असेन. हरीण मिळालं की नाही, ते सावकाश कळव. खाली उतरलास आणि नळीतून उजेड बघितलास की "उतरलो" एवढंच टाक.

तुझे,
बाबा

ता. क. दत्तूदादा काल काजूगर घेऊन आला होता. तू जमीन घेतलीस म्हटल्यावर विचारत होता, भात होता काय रे थंय? नाही म्हटलं, बर्फ पडतं. प्राजक्ताच्या बहिणीबरोबर काजू पाठवतोय, अर्धा किलो त्याचे आहेत.