जिवाणू वापरले, तरी हातमोजे तेच

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत जिवाणूंकडून रसायने बनवून घेण्यावरचा लेख वाचला. माझी नोकरीची बरीच वर्षे याच कामात गेली, म्हणून विषय पाहून बरे वाटले. मात्र ‘जैविक पद्धतीने तयार होणारे निरुपद्रवी अ‍ॅक्रिलामाइड’ या शब्दांपाशी अडखळले. शेजारी हिरव्या पानावरच्या दवबिंदूचे चित्रही होते!

अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे पाणी शुद्ध करायला लागणाऱ्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा कच्चा माल, तांब्याच्या उत्प्रेरकाने बनवा नाहीतर जिवाणूने, रेणू एकच. तो कातडीतून शरीरात जातो आणि मज्जातंतूंना इजा करतो. माझ्या पहिल्या कारखान्यात सॅम्पलच्या बाटल्या धुणारी एक सहकारी फाटका हातमोजा वापरत राहिली. आधी तळव्यांची साले निघाली, मग बोटे बधिर झाली. रजिस्टरमध्ये नोंद करताना पेन हातातून पडायचे आणि तिला ते खाली पडल्याचा आवाज आल्यावर कळायचे. बरी व्हायला तिला कित्येक महिने लागले.

मग जिवाणूतल्या एन्झाइमचा, म्हणजे ही क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा, फायदा काय? तो मालात नाही, माल बनवण्याच्या रीतीत आहे, आणि लेखात नेमका तोच दोन ओळींत उरकला आहे. तांब्याच्या प्लांटमध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइल (ज्यापासून अ‍ॅक्रिलामाइड बनते ते रसायन, थोडक्यात नायट्राइल) आणि पाणी शंभर अंशांच्या आसपास तापवावे लागे. उत्प्रेरकाची भुकटी पाण्याखाली ठेवायची, कोरडी पडली तर पेट घेण्याची भीती. सगळे नायट्राइल बदलत नसे. उरलेले वेगळे काढून पुन्हा आत सोडायचे. शिवाय मालात उतरलेले तांबे काढायचे. तांबे किती राहिले हे तपासणे माझ्याकडे होते आणि आकडा जास्त निघाला की शिफ्टमध्ये सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, जणू मीच ते घातले!

दुसऱ्या नोकरीत जिवाणूंचा प्लांट होता. तिथे अडचण उलटी: रिअ‍ॅक्टर दहा अंशांच्या खाली गार ठेवायचा. नायट्राइल थोडे थोडे सोडायचे, एकदम ओतले तर एन्झाइमच निकामी होते. बॅच संपली की नायट्राइल जवळजवळ उरतच नसे. तांब्याचा तर प्रश्नच नव्हता.

ही वाट क्योतो विद्यापीठातल्या हिदेआकी यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. नायट्राइल हायड्रेटेज हे एन्झाइम नायट्राइलला पाण्याचा एकच रेणू जोडते, की झाले अमाइड. नायट्रिलेज नावाचे दुसरे एन्झाइम दोन रेणू जोडून थेट आम्लापर्यंत जाते. अमाइड हवे असेल तर अमाइडपाशीच थांबणारा जिवाणू लागतो. जपानच्या नित्तो केमिकलने 1985 मध्ये ही पद्धत कारखान्यात आणली. 1991 पासून तिथे रोडोकोकस रोडोक्रोस जे-1 हा जिवाणू वापरात आला. त्याला वाढताना युरिया आणि कोबाल्ट दिले, की पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास हे एकच एन्झाइम असते! कोबाल्टऐवजी लोह असलेले याचे भाऊबंद तर अंधारात निजलेले असतात. लोहाला धरून बसलेले नायट्रिक ऑक्साइड प्रकाशाने सुटते, तेव्हा ते जागे होतात. दवबिंदूपेक्षा हे चित्र छापायचे होते.

हाच जे-1 पुढे 3-सायानोपिरिडीनपासून निकोटिनामाइड, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वाचे एक रूप, बनवण्यासाठीही वापरला गेला. तिथे त्याचा थांबण्याचा गुण आणखी मोलाचा, कारण अल्कलीने तीच क्रिया केली तर थोडे निकोटिनिक आम्लही तयार होते.

‘हरित’ म्हणताना आणखी एक गोष्ट राहिली. अ‍ॅक्रिलोनायट्राइल बहुतांशी प्रोपिलीनपासून बनते, म्हणजे मूळ खनिज तेलच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइलला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जिवाणू मधली एक पायरी सुधारतात. आधीची नायट्राइलची टाकी आणि नंतरचे अ‍ॅक्रिलामाइडचे पिंप आहे तसेच राहतात.

पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे याच रेणूंची लांब साखळी, पाणी शुद्ध करायला वापरतात आणि ती मुळातल्या रेणूसारखी विषारी नाही. लेखकाची गल्लत बहुधा इथे झाली असावी. साखळीतही न जुळलेला रेणू किती उरला हे मोजावेच लागते, आणि ते मोजताना जिवाणूंच्या प्लांटमध्येही मी पहिल्या कारखान्यातल्याइतकेच जाड हातमोजे घालत असे. तेव्हा ‘निरुपद्रवी’ या शब्दाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. तो वाचून एखादी नवी मुलगी हातमोजे काढून ठेवायची.

– एक निवृत्त रसायन विश्लेषक