माळा अजून रिकामा केलेला नाही

विश्रामबाग, सांगली
१० जून

प्रिय शैला,

किल्ली मिळाली. परवा गावभागातल्या तुमच्या घरी जाऊन आले. भंगारवाल्याला बोलावून माळा रिकामा करून घे, असं तू सांगितलं होतंस. बोलावलं मी त्याला, पण माळ्यावर चढू दिलं नाही. बिल्डरचा माणूस तुझ्या मागं लागलाय हे माहीत आहे मला, आणि तू रागावशील हेही. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तुला कामाची घाई असते, आणि मला हे सलग सांगायचंय.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला आम्ही अकरा वर्षं काढली. ह्यांची नोकरी होती, मला पहिली तीन वर्षं काहीच काम नव्हतं. त्या रिकाम्या दिवसांत हातात सुई आली ती आजवर सुटलेली नाही. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा ब्रेडस्ट्राट नावाचा रस्ता होता. तिथं दर शनिवारी कापडाचा बाजार भरतो. त्याला लाप्येसमार्क्ट म्हणतात, म्हणजे तुकड्यांचा बाजार. हा बाजार १५९७ पासून भरतोय. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून, विचार कर! पहिल्या दिवशी तिथल्या ढिगात हात घातला आणि आजीची आठवण आली. वाकळेसाठी ती जुनी लुगडी कशी दोन बोटांत धरून चाचपायची, किती विरलंय ते बघायची, तसाच माझाही हात चालत होता. कुणी शिकवलं होतं मला ते?

तुकड्यांवरून मी जुन्या वस्तूंकडं वळले. तिथं २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी कुणीही, परवाना वगैरे न काढता, रस्त्यावर चादर अंथरून घरातलं जुनंपानं विकू शकतो. उत्रेख्तमध्ये तर आदल्या संध्याकाळी सहालाच बाजार मांडतात आणि तो रात्रभर चालतो. लोक आधीच फुटपाथवर खडूनं चौकोन आखून जागा धरून ठेवतात. पोरं आपली खेळणी मांडतात, म्हाताऱ्या बायका कपाटं रिकामी करून बसतात. मी दरवर्षी रात्री डबा आणि बॅटरी घेऊन निघायची, ती उजाडल्यावरच परतायची.

काय काय मिळालं ते सगळं लिहीत नाही, आलीस की दाखवेन. पण एक साचा सांगते. हातभर लाकडाची फळी, तिच्यात पवनचक्की उलटी कोरलेली. ५ डिसेंबरला त्यांचा सिंटरक्लासचा सण असतो, त्याच्या आसपास स्पेक्युलास नावाची बिस्किटं करतात. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा. म्हणजे आपला मसाल्याचा डबाच. पीठ चिकटू नये म्हणून साच्यात तांदळाची पिठी भुरभुरायची, वर पीठ दाबायचं आणि साचा उलटा आपटून बिस्किट पाडायचं. पाडव्याच्या साखरेच्या माळांचे लाकडी साचे आठवतात तुला? त्याच जातीची वस्तू. दिवाळीत मी त्यात खव्याची बर्फी थापली. पवनचक्कीची पातीन् पाती उमटली. शेजारची डच बाई किती वेळ ती हातात धरून बसली होती, खाववेना तिला.

आता जे सांगते ते मी अजून घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

एका वर्षी टेबलक्लॉथच्या ढिगाखाली मला एक पिवळं पडलेलं तागाचं कापड मिळालं. तीन युरोला. त्यावर लाल दोऱ्यानं, आपल्या दसुतीवर घालतो तसल्या फुलीच्या टाक्यात, सगळी अक्षरं. खाली एक घर, एक झाड आणि समोरासमोर दोन पक्षी. याला मेर्कलाप म्हणतात. पूर्वी मुलींना हे करायला शिकवत. चादरी-टॉवेलांवर घरच्या माणसांची आद्याक्षरं घालायची, म्हणजे धुण्यात कपडे बदलत नाहीत. त्या कामाचा हा सराव. दोरा लाल, कारण तो रंग धुण्यात टिकायचा. (त्यात J हे अक्षर नव्हतं. जुन्या मेर्कलापांत ते बहुतेक नसतंच, I आणि J एकच धरायचे. हे मला नंतर कळलं.)

मी ते कापलं, शैला. पिशवी शिवायची होती. पक्षी पुढच्या बाजूला आणि अक्षरं पट्ट्याला, असं मनात बसलं होतं. पिशवी छान झाली, लोकांनी नावाजलीसुद्धा. पंधरा दिवसांनी उरलेली कात्रणं आवरताना एका कोपऱ्यात, दुमडीच्या आत, तीन अक्षरं दिसली आणि एक आकडा. १८. पुढचं ८६ पिशवीच्या अस्तराखाली गेलं होतं. माझी कात्री बरोब्बर वर्षाच्या मधून गेली होती. १८८६ साली कुणा दहा-बारा वर्षांच्या पोरीनं डोळे फोडून केलेलं काम एवढी वर्षं टिकलं, आणि ते माझ्या हातानं गेलं. पिशवी उसवून तुकडे पुन्हा जोडले मी. पण जोड दिसतो. अजून माझ्या कपाटात आहे ते, दर वर्षी उन्हात घालते.

तेव्हापासून ज्या कापडावर नाव किंवा साल आहे त्याला मी कात्री लावत नाही. फाटकं, डागाळलेलं, बेवारशी तेवढंच वाकळेत जातं.

आणि मग देल्फ्ट. तिथल्या निळ्या टाइल तू फोटोत पाहिल्या असशील, वीतभरही नसतात, तेरा सेंटिमीटरच्या चौकोनात कुठं होडी, कुठं कोळी. बाजारात कोपरा उडालेली एक दोन युरोला मिळाली होती, म्हणून त्या कशा करतात ते बघायला गेले. चित्राच्या कागदाला रेषेवरून सुईनं भोकं पाडतात. तो टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हळूहळू आपटतात. कागद उचलला की ठिपके उमटलेले असतात, त्यावरून कुंचला फिरवायचा. कच्ची झिलई रंग लगेच पिऊन घेते, त्यामुळं पुसायची सोय नाही. भट्टीत कोळसा जळून जातो आणि निळी रेघ तेवढी राहते. बघणारे सगळे वा वा म्हणत होते, आणि माझ्या नाकात रॉकेलचा वास आला.

कारण ते काकूंचं, तुझ्या आईचं काम होतं. ट्रेसिंग पेपरला टोचून केलेला खाका, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ आणि चिंधीचा बोळा. गल्लीतल्या कुठल्या पोरीच्या रुखवतातले उशांचे अभ्रे काकूंनी छापून दिले नव्हते? आपण दोघी त्यांच्या ओसरीत कागद धरायला बसायचो. तू कंटाळून उठायचीस, मी बसायची. देल्फ्टला ती बाई जे शाळेच्या सहलींना दाखवत होती ते तुमच्या घरी आठवड्यातून चारदा चालायचं, आणि त्याला आपण कधी काही म्हटलंच नाही. कला नाही, कारागिरी नाही. ‘आई छापत बसलीय’ एवढंच.

आता माळ्याचं सांगते. खालच्या खोल्यांत काही राहिलेलं नाही. भिंतीवर २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून माझ्या डोक्याच्या वर आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोका, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. फळ्या, देव्हारा, कपाट, सगळं गेलं. माळ्यावर मात्र पाणी पोचलं नाही, म्हणूनच तिथली ट्रंक कोरडी राहिली. कुलूप तोडावं लागलं, त्याचं वाईट वाटलं.

ट्रंकेत सगळ्यात वर एक वाकळ होती. निळं आणि मोरपंखी लुगडं, कडेपासून मध्याकडं फिरत गेलेला धावदोरा, टाके तांदळाएवढे. एका जागी टाके मोठे आणि वाकडे आहेत. मला वाटतं ते तुझे आहेत. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले खाके. मी मोजले, एकोणचाळीस. कमळ, राघू-मैना, द्राक्षाचा वेल, मोराच्या कितीतरी तऱ्हा. कडा निळीनं काळपट झाल्यात, पण वास अजून आहे.

आणि अगदी तळाला दसुतीचा एक तुकडा. त्यावर फुलीच्या टाक्यात अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं, खाली तुळशीवृंदावन, आणि त्याखाली नाव. काकूंचं माहेरचं नाव, शैला. मागं शाळेची चिठ्ठी टाचलेली, टाचणीला गंज चढलाय. दहापैकी सहा गुण. एवढ्या कामाला सहा! पण त्यांनी ती चिठ्ठी काढून टाकली नाही, जन्मभर जपली. मी माळ्यावर तशीच खाली बसले. उत्रेख्तच्या त्या पोरीच्या घरातही एक दिवस कुणीतरी असंच म्हटलं असणार की काढून टाका सगळं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते तीन युरोला माझ्यासारखीच्या हातात पडलं.

म्हणून ट्रंक माझ्याकडं आणली आहे. वाकळ सावलीत वाळवली, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली. खाके सपाट करून वह्यांमध्ये घातलेत. हे सगळं तुझं आहे, मी फक्त सांभाळतेय. एक खाका तेवढा तुला न विचारता वापरला, राघूचा. रॉकेल आता कुठं मिळतं, म्हणून नुसती कोरडी नीळ घेतली. फिकट उमटलं, पण उमटलं. काकू चोच कुठल्या रंगानं भरायच्या, लाल की केशरी? ताईच्या लग्नातली चादर असेल तर बघून कळव.

भंगारवाल्याला काय दिलं ते लिहिते: गंजलेले पत्रे, तुटका स्टोव्ह, बिनबुडाची घागर आणि लोखंडी पलंग. अकराशे चाळीस रुपये आले, पाकिटात ठेवलेत.

राहिलं ते दळायचं जातं. ते परसात निम्मं मातीत रुतलंय, दोन गडी लागतील उचलायला. आमच्या इथं तळमजल्यावर जागा आहे. पण ते तुला पुण्याला न्यायचं असेल तर पाऊस वाढायच्या आत सांग, मृग लागलाय आणि काल रात्रीपासून इकडं चांगलाच पडतोय.

तुझी,
विजू