सावली आधी टेपने मोजा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सावलीतल्या दगडी बागेवरचा लेख वाचला. फोटो देखणे होते. पण लावायला सांगितलेली हॉस्टा, प्रिम्युला, सॅक्सिफ्रेज ही सगळी थंड मुलखातली झाडं. हॉस्टाला दर हिवाळ्यात कडक गारठ्यातली झोप लागते. आपल्याकडे सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो कमरेला बांधून फिरतो. त्या झाडानं इथं झोपायचं कधी?

मी विजापूर रस्त्याला राहते, घरीच शिवणकाम करते. घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मध्ये चार फुटांची पट्टी आहे. घराची दुरुस्ती काढली तेव्हा निघालेले काळे दगड तिथंच पडून होते, त्यांची बाग केली. उत्तर बाजू म्हणजे बारमाही सावली, असा माझा समज. रोपवाटिकेतल्या माणसानंही ‘सावलीतलं आहे, डोळे झाकून लावा’ म्हणत बोस्टन फर्नच्या सहा कुंड्या गळ्यात मारल्या. मे महिन्यात त्यांचे पापड झाले.

राग आला आणि ब्लाउजाचं माप घ्यायचा टेप घेऊन बाहेर गेले. पुढं वर्षभर अधूनमधून दुपारी साडेबाराच्या सुमाराला घराची सावली मोजली. भिंत बारा फूट उंच. डिसेंबरअखेरीस सावली दहा फुटांच्या वर, पाडव्याच्या आसपास जेमतेम चार, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य! त्या सुमारास सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा उत्तरेकडे कललेला राहतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात माझ्या ‘सावलीच्या’ पट्टीत थेट ऊन, त्यात काळा दगड तापलेला. रात्री जेवणं उरकल्यावर त्याला हात लावून बघावा!

खरी सावली पट्टीच्या पश्चिम टोकाला, शेजाऱ्यांच्या कडुनिंबाखाली. त्याची पानं फाल्गुनात झडतात, पण उन्हाचा कडाका पडेपर्यंत झाड पुन्हा भरतं. मात्र त्याची मुळं सगळं पाणी आधी पितात, आणि आपल्या नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. तेव्हा तिथं कोरड्या सावलीत तगणारं झाड हवं. स्नेक प्लांट, रिओ आणि शतावरी तिथं चार वर्षं आहेत, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर. उन्हाच्या टोकाला पानफुटी आणि ओव्याचं पान. ओव्याची भजी होतात, हा वरचा फायदा. स्पायडर प्लांटची टोकं दर वर्षी करपतात, मी कात्रीनं छाटते. कात्री हातात असतेच.

मातीत मी आणखी एक चूक केली होती. दगडांच्या फटीत शेतातली काळी माती भरली. पावसात ती फुगली, उन्हाळ्यात भेगाळली, मुळं उघडी पडली. आता मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत भरते. दगड तिसरा हिस्सा जमिनीत गाडून मागं कलते बसवलेत, म्हणजे पाणी ओघळून न जाता मुळाशी मुरतं.

हंसराज या नाजूक फर्नचा नाद मात्र सुटला नाही. माहेरच्या विहिरीतून दोनदा आणला, दोनदा वाळला. विहिरीत तो चुन्याच्या दर्जांत वाढतो हे लक्षात आल्यावर शहाबादी फरशीचे तुकडे रचले, कारण तो चुनखडीचाच दगड, आणि त्यांच्या फटीत पाण्याच्या टाकीखाली, जिथं सदा ठिबकतं तिथं, तिसऱ्यांदा लावला. आता चार पानं आलीत.

आणि भुईचाफा. हिवाळ्यात तो जमिनीवर दिसतही नाही. माझ्या सासूबाई त्या जागेवर खराटा मारून ‘इथं काही नाही’ म्हणायच्या. वळवाच्या आधी कोरड्या मातीतून नुसती जांभळी-पांढरी फुलं येतात, पानं मागाहून. हॉस्टा थंडीत झोपतो, तसा हा आपल्या कोरड्या दिवसांत झोपतो. पुरवणीत याचा एक फोटो छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर