आई, तो आवाज ब्लोअरचा आहे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर बोलताना मागे ‘भुस्स’ आवाज झाला आणि तू दचकलीस. “घरात गॅस आपोआप पेटतो आणि तुम्ही खुशाल झोपता?” हे तुझं वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हाला यंत्रांची आवड, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

तळघरात घर गरम ठेवणारी जी गॅसवरची भट्टी, म्हणजे फर्नेस आहे, तिच्या ज्वाळा आणि आमच्या खोल्यांतली हवा एकमेकींना भेटत नाहीत. ज्वाळा धातूच्या नळ्यांच्या आत शिरतात, घरातली हवा त्या तापलेल्या नळ्यांच्या बाहेरून वाहते. जळलेला वायू वेगळ्या पाइपने थेट घराबाहेर जातो. नळीला चीर गेली तर मात्र धोका असतो. म्हणून दरवर्षी तपासणी करून घेतो, आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय. त्या वायूला रंग नाही, वास नाही, त्यामुळे इथे हयगय चालत नाही.

आता पेटण्याचं. खोली गार झाली की थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं बटण, फर्नेसला निरोप देतो, पण गॅस लगेच सुटत नाही. आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरतो आणि आतली जुनी हवा झाडून काढतो. हवा खरंच ओढली जातेय हे प्रेशर स्विचला कळलं, की मगच गॅस पेटवणारा इग्नायटर तापतो. झरोक्यातून पाहिलं तर काडीएवढी वस्तू नारिंगी होत जाताना दिसते. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत एका बर्नरवरून शेजारच्या बर्नरवर सरकत शेवटपर्यंत जाते. रंग निळा हवा. पिवळी, लवलवती ज्योत दिसली की समजायचं, हवा कमी पडतेय.

आणि बाबा, यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढेच आहे. ज्योत पेटली हे यंत्राला कळतं कसं? ज्योतीत एक बारीक सळई असते, तो फ्लेम सेन्सर. तिला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचं, व्होल्टेज दिलेलं असतं. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ज्योतीतून वीज वाहते. पण सळई बारीक आणि बर्नरचं धातू मोठं, म्हणून एका दिशेला जास्त वाहते. म्हणजे ज्योत एसीचं थोडंसं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करते! प्रवाह जेमतेम काही मायक्रोअँपिअरचा, पण कंट्रोल बोर्ड तेवढाच शोधत असतो. सळई कुठे चिकटून शॉर्ट झाली तर एसीच वाहील, आणि बोर्ड फसणार नाही. काही सेकंदांत हा प्रवाह मिळाला नाही, की व्हॉल्व्ह बंद. वीज गेली तरी व्हॉल्व्ह स्प्रिंगने आपोआप बंद होतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मागच्या महिन्यात एका रात्री फर्नेस पेटायची, चार सेकंदांत विझायची. तीनदा असं झालं आणि ती अडून बसली. बोर्डावरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकत राहिला. दुरुस्तीवाल्याने सकाळी एकच स्क्रू काढून ती सळई माझ्या हातात दिली. वर पांढुरका थर होता, नखाने खरवडला तर जेमतेम निघत होता. त्याने बारीक स्टील वूलने घासला आणि मीटर लावला. आधी प्रवाह एक मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी होता, आता तीनच्या वर गेला. ज्योत तर पहिल्यापासून चांगलीच होती. तिचा पुरावा पोचत नव्हता, म्हणून यंत्राने गॅस बंद केला. आम्ही रात्रभर कुडकुडलो, तरी मला त्या यंत्राचा राग आला नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, आई: आकडा वाढवला की घर लवकर तापतं का? नाही. आमचा बर्नर एकाच जोराने जळतो. थर्मोस्टॅट २० वर ठेवला काय किंवा २६ वर, डक्टमधून, म्हणजे खोल्यांत हवा आणणाऱ्या नळांतून, येणारी हवा तेवढीच गरम असते. फक्त बर्नर जास्त वेळ चालतो. तापमान सांभाळलं जातं ते चालू-बंदच्या वेळेने. काही फर्नेसमध्ये बर्नर दोन टप्प्यांत किंवा हळूहळू कमीजास्त होतो, तिथे खोली जास्त सारखी राहते.

तुला ऐकू आलेला आवाज ब्लोअरचा, म्हणजे गरम हवा खोल्यांत ढकलणाऱ्या पंख्याचा. फर्नेस पेटल्यावर नळ्या तापेपर्यंत तो सुरू होत नाही, नाहीतर अंगावर गार वारा येईल. विझल्यावरही मिनिट-दोन मिनिटं चालतो आणि नळ्यांतली उरलेली ऊब घरात आणतो.

हवा गाळणारा फिल्टर धुळीने चोंदला तर मात्र हवा कमी वाहते, नळ्या भलत्याच तापतात आणि अति तापल्यावर चालणारा लिमिट स्विच गॅस तोडतो. मी मधे थर्मामीटर लावून पाहिलं: आत जाणारी हवा १९ अंश, बाहेर येणारी ५०. म्हणजे वाढ ३१ अंशांची, आणि ती फर्नेसच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेत आहे. बाबा, ही मोजणी आता मी दर महिन्याला वहीत लिहिते.

आजच नवा फिल्टर घातलाय, कडेवर पेनने तारीख टाकून. बाबा, सळईचा फोटो सोबत पाठवतेय, पांढरा थर नीट दिसतो त्यात. आई, रविवारी फोन करेन तेव्हा तळघरातूनच करेन, तुला झरोक्यातली ज्योत दाखवते.

तुमची,
लेक